देशोदेशी ब्रॉडबँडचा वेग वेगवेगळा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशातल्या नातेवाइकांच्या घरी मिळणारा इंटरनेटचा वेग आणि आपल्या घरचा वेग यांची तुलना करून अनेक वाचक प्रश्न पाठवतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने तारेने घरात येणाऱ्या इंटरनेटविषयी आहेत.

१. मी १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आहे, तरी फाइल सेकंदाला १२ एमबीनेच का उतरते?

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट. प्लॅनवरचा आकडा असा बिटमध्ये असतो आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात आणि व्यवहारात त्याहून थोडे कमी. म्हणजे तुमची लाइन ठीक चालली आहे. हा आकडा फक्त लाइनची क्षमता सांगतो; माहितीचा पहिला कण पोहोचायला किती वेळ लागतो ही वेगळी बाब असून तिच्याविषयी प्रश्न १० पाहावा.

२. 'ब्रॉडबँड' कशाला म्हणायचे, याची व्याख्या सगळ्या देशांत एकच आहे का?

नाही. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस (केबीपीएस म्हणजे एमबीपीएसचा हजारावा भाग) एवढी किमान मर्यादा होती. ती पुढे ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर आणली गेली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये डाउनलोडसाठी २५ व अपलोडसाठी ३ एमबीपीएस अशी मर्यादा ठरवली आणि २०२४ मध्ये ती १०० व २० केली. त्यामुळे 'देशातील इतक्या टक्के घरांत ब्रॉडबँड आहे' अशी दोन देशांची विधाने शेजारी ठेवताना त्यांमागची व्याख्या आधी तपासावी.

३. घरात येणारी तार तांब्याची की काचेची, याने एवढा फरक का पडतो?

तांब्याच्या टेलिफोन तारेतून जाणारा विद्युतसंकेत अंतराबरोबर क्षीण होतो, आणि जितकी वारंवारता जास्त तितका तो लवकर क्षीण होतो. जास्त माहिती पाठवायची तर वारंवारता वाढवावी लागते, म्हणून तांब्यावर वेग आणि अंतर यांचे कायमचे भांडण असते. एडीएसएल२+ हे तंत्र एक्सचेंजच्या अगदी जवळ २४ एमबीपीएसपर्यंत वेग देते, पण चार-पाच किलोमीटरवरच्या घराला त्याचा छोटासा अंशच मिळतो. व्हीडीएसएल२ मुळे १०० एमबीपीएस शक्य झाले, मात्र रस्त्यावरच्या पेटीपासून घर काहीशे मीटरच्या आत असेल तरच. काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून, प्रकाश जातो आणि वीस किलोमीटरपर्यंत त्याचे फारसे काही बिघडत नाही. शिवाय फायबर एकदा टाकले की पुढची वाढ दोन्ही टोकांची उपकरणे बदलून होते, रस्ता पुन्हा खोदावा लागत नाही. केबल टीव्हीची जाड तार या दोहोंच्या मधली आहे: तिची क्षमता टेलिफोन तारेपेक्षा पुष्कळ जास्त असते, पण ती गल्लीतल्या अनेक घरांत वाटली जाते.

एखाद्या देशाचा सरासरी वेग कळण्यासाठी एक गोष्ट सर्वात आधी विचारावी, ती अशी की तेथील किती घरांपर्यंत फायबर थेट पोहोचले आहे. पुढची बहुतेक उत्तरे ते का पोहोचले किंवा का पोहोचले नाही, याचीच आहेत.

४. श्रीमंत देशांत वेग जास्त आणि गरीब देशांत कमी, इतके सरळ हे गणित नाही का?

अगदी खालच्या टोकाला ते खरे आहे; जेथे विजेचाच भरवसा नाही तेथे इंटरनेटचाही नसतो. वर मात्र हे गणित लवकर कोलमडते. थायलंड आणि चिली हे देश स्थिर ब्रॉडबँडच्या वेगात गेली काही वर्षे जर्मनी आणि ब्रिटनच्या पुढे राहिले आहेत. सर्वात बोलके उदाहरण मात्र रुमानियाचे आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस रुमानियाची टेलिफोन व्यवस्था जुनी आणि महाग होती. त्याच वेळी शहरांतील बहुसंख्य लोक समाजवादी काळात बांधलेल्या मोठ्या इमारतींत दाटीने राहत होते. तेथील तरुणांनी एकमेकांशी गेम खेळण्यासाठी आणि फाइली देण्याघेण्यासाठी इमारतीतल्या घरांत संगणकाच्या साध्या नेटवर्क केबली टाकल्या, त्या खिडक्यांतून, गच्च्यांवरून आणि विजेच्या खांबांवरून शेजारच्या इमारतीत नेल्या आणि सर्वांनी मिळून एक इंटरनेट जोडणी घेतली. अशी मोहल्ल्यांची शेकडो जाळी उभी राहिली. कालांतराने मोठ्या कंपन्यांनी, विशेषतः आज डिजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने, ती विकत घेऊन त्यांच्या जागी फायबर टाकले. टेलिफोनच्या तांब्याचा टप्पा बऱ्याच शहरी कुटुंबांच्या वाट्याला आलाच नाही, तो ओलांडूनच ती पुढे गेली. बुखारेस्टच्या रस्त्यांवर लोंबणाऱ्या तारांची दशा पाहून अनेकांनी नाके मुरडली, पण त्याच तारांमुळे तेथील लोकांना स्वस्त आणि वेगवान इंटरनेट पश्चिम युरोपच्या बरेच आधी मिळाले.

५. मग जर्मनीसारखा तंत्रज्ञानात पुढारलेला देश मागे कसा पडला?

तेथील तांब्याचे जाळे चांगले होते, हेच मोठे कारण आहे. उत्तम स्थितीतील टेलिफोन तार घरोघर असली की तिच्यातूनच थोडा अधिक वेग काढण्याचा मोह कंपनीला होतो, कारण पेटीतली उपकरणे बदलण्याचा खर्च घरोघर खोदण्याच्या खर्चापेक्षा फार कमी असतो. तेथील जुन्या टेलिफोन कंपनीने, डॉइच टेलिकॉमने, 'व्हेक्टरिंग' नावाच्या तंत्राने शेजारच्या तारांचा परस्परांतील गोंगाट रद्द करून तांब्यावरच १०० एमबीपीएसपर्यंत मजल मारली आणि फायबर लांबणीवर पडले. ब्रिटनमध्येही बीटी या जुन्या टेलिफोन कंपनीने अनेक वर्षे फायबर फक्त रस्त्यावरच्या पेटीपर्यंतच नेले.

जर्मनीच्या बाबतीत याहून जुना एक निर्णय आहे. १९८१ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या मंत्रिमंडळाने देशभर टप्प्याटप्प्याने फायबर टाकण्याची योजना स्वीकारली होती. पुढच्याच वर्षी सत्तांतर झाले आणि हेल्मुट कोल यांच्या सरकारने केबल टीव्हीसाठी तांब्याच्या केबलींना प्राधान्य दिले. एकीकरणानंतर पूर्व जर्मनीच्या काही भागांत टेलिफोनसाठी फायबर टाकले गेले, परंतु ते त्या काळच्या आवाजी सेवेपुरतेच आखलेले होते. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणारे डीएसएल आले तेव्हा त्याला घरापासून एक्सचेंजपर्यंत अखंड तांबे हवे होते, आणि नेमक्या याच घरांकडे ते नव्हते. फायबर असूनही त्यांना वर्षानुवर्षे ब्रॉडबँड मिळाले नाही. जमिनीखाली काय पुरले यापेक्षा ते कोणत्या हेतूने आणि कोणत्या आराखड्याने पुरले याला अधिक महत्त्व आहे, हे या उदाहरणावरून मला पटले.

६. दक्षिण कोरिया लहान आणि दाट वस्तीचा आहे, म्हणून तेथे वेग आहे ना?

दाट वस्तीने खर्च कमी होतो हे खरे आहे. सोलमधील एका उंच इमारतीच्या तळाशी एक केबल आणली की शेकडो घरे जोडता येतात. परंतु घनता पुरेशी असती तर मुंबई जगात पहिली असती. कोरियात १९९५ मध्ये माहितीकरणाचा कायदा झाला, सरकारने सरकारी कार्यालये आणि शाळांना जोडणारे कणा-जाळे उभारले आणि कंपन्यांना सवलतीची कर्जे दिली. एप्रिल १९९९ मध्ये हानारो या नव्या कंपनीने एडीएसएल सेवा सुरू करताच जुनी कोरिया टेलिकॉमही त्वरेने मैदानात उतरली. त्याच वर्षी इमारतींना त्यांच्या अंतर्गत जोडणीनुसार प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. प्रमाणपत्र असलेल्या इमारतीतील घराला मागणी जास्त, म्हणून बांधकाम व्यावसायिकच चांगल्या वायरिंगचा आग्रह धरू लागले.

उलट बाजूने आइसलँड पाहावा. तेथे दर चौरस किलोमीटरला चार माणसेही नाहीत, तरी वेगाच्या क्रमवारीत तो बराच वर असतो, कारण सुमारे दोन तृतीयांश लोक रेक्याविक आणि त्याच्या परिसरात राहतात. देशाची सरासरी घनता फसवी असते. लोक प्रत्यक्षात किती जवळजवळ राहतात हे पाहावे लागते.

७. कंपन्यांत स्पर्धा असली की वेग वाढतो का?

वाढतो, पण कोणत्या प्रकारची स्पर्धा हे पाहावे लागते. घरापर्यंतची तार, तिचे खांब आणि जमिनीखालच्या नळ्या यांवर जुन्या टेलिफोन कंपनीचा ताबा असतो, आणि तोच टप्पा सर्वात खर्चिक असतो. नव्या कंपनीला तो स्वतः उभारावा लागला तर बहुतेक ठिकाणी ती येतच नाही. म्हणून खरा प्रश्न असा असतो की जुन्या कंपनीला तो टप्पा ठरावीक भाड्याने इतरांसाठी खुला करावा लागतो का.

जपानमध्ये नियामकाने एनटीटी या जुन्या टेलिफोन कंपनीला तारा खुल्या करायला लावल्या. २००१ मध्ये सॉफ्टबँकेने याहू बीबी ही सेवा अतिशय कमी दरात आणली आणि रेल्वे स्थानकांबाहेर मोडेम वाटले. फ्रान्समध्ये फ्री या कंपनीने २००२ मध्ये २९.९९ युरोत जोडणी देऊन सगळ्यांचे दर खाली आणले. पुढे २००८ च्या कायद्याने इमारतीच्या आतील फायबर सर्व कंपन्यांनी वाटून घेण्याची सक्ती केली. स्पेनमध्ये नियामकाने २००९ च्या सुमारास तेलेफोनिका या जुन्या टेलिफोन कंपनीच्या भूमिगत नळ्या प्रतिस्पर्ध्यांना वापरू दिल्या. नळी तयार असल्याने खोदाई वाचली, प्रत्येकाने आपले फायबर त्यातून ओढले आणि स्पेन घरोघर फायबर नेण्यात युरोपात आघाडीवर गेला. सर्व उपायांत मला हा नळ्यांचा उपाय सर्वात शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात जुनी कंपनी बुडत नाही आणि नव्या कंपनीला स्वतःच्या जाळ्यात गुंतवणूक करावीच लागते.

अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने तारा खुल्या करण्याची सुरुवात केली होती. परंतु २००३ मध्ये नव्या फायबरला आणि २००५ मध्ये डीएसएलला या बंधनातून बरेचसे मुक्त केले गेले. परिणामी असंख्य कुटुंबांपुढे एक केबल कंपनी आणि एक टेलिफोन कंपनी एवढाच पर्याय उरला. तेथे सरासरी वेग बरा आहे, पण दर चढे आहेत, असे न्यू जर्सी किंवा टेक्सासमधील मराठी कुटुंबे कळवतात, त्याचे मूळ यात आहे.

८. सरकारने किंवा महापालिकेने स्वतःच जाळे उभारले तर?

स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्टोकॅब ही कंपनी काढली. ती फक्त रिकामे फायबर टाकते आणि हवे त्याला भाड्याने देते, स्वतः ग्राहकांना इंटरनेट विकत नाही. सिंगापूरने तीन थर केले: फायबरची मालकी एका कंपनीकडे, त्यावरची उपकरणे दुसरीकडे आणि ग्राहकसेवा अनेक विक्रेत्यांकडे. तेथे आज एक जीबीपीएस (म्हणजे एक हजार एमबीपीएस) हा अगदी साधा प्लॅन समजला जातो. अमेरिकेत टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहराच्या वीज कंपनीने २०१० मध्ये संपूर्ण क्षेत्रात एक जीबीपीएस देऊ केले; मात्र तेथील डझनाहून अधिक राज्यांत नगरपालिकांच्या अशा जाळ्यांवर कायद्याने निर्बंध आहेत.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव सावध करणारा आहे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्यात ९३ टक्के वास्तूंपर्यंत फायबर नेण्याचा मानस होता. २०१३ मध्ये सरकार बदलले, आणि खर्च व वेळ वाचवण्यासाठी जुने तांबे व केबल टीव्हीच्या तारा वापरण्याचे ठरले. २०२० मध्ये पुन्हा लाखो घरांना तांब्यावरून फायबरवर नेण्याची योजना जाहीर करावी लागली. दोनदा केलेल्या कामाचा भुर्दंड शेवटी ग्राहकांवर आणि करदात्यांवरच येतो.

९. भारतात वेग उशिरा का वाढला, आणि शहर व गाव यांत एवढी तफावत का?

भारतात टेलिफोनच्या तारा भरभराटीच्या काळातही चार-पाच कोटींच्या आसपासच होत्या, म्हणजे बहुसंख्य घरांत तांबे पोहोचलेच नव्हते. दूरसंचार नियामक ट्रायने २००४ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएल यांच्या तारा इतर कंपन्यांना खुल्या करण्याची शिफारस केली होती. सरकारने ती बंधनकारक न करता कंपन्यांच्या आपसांतील करारांवर सोडली. प्रश्न ७ मधील देशांनी ज्या वेळी दार उघडले त्याच वेळी आपण ते लोटून घेतले, असे मला वाटते.

शहरांत ती पोकळी केबलवाल्यांनी भरली. गच्चीवरून गच्चीवर तार नेणारा, सोसायटीच्या सेक्रेटरीला ओळखणारा आणि तक्रार आली की स्वतः शिडी घेऊन येणारा हा स्थानिक व्यावसायिक रुमानियातील मोहल्ल्यांच्या जाळ्यांचा जवळचा नातेवाईक होय. मोठ्या कंपन्यांनाही त्याची गरज भासते: रिलायन्सने २०१८ मध्ये हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांत मोठा वाटा घेण्याचे जाहीर केले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबर सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू केली. त्यानंतर इतरांनीही प्लॅनचे वेग वाढवले. रस्ते खोदण्याच्या परवानग्या आणि त्यांचे शुल्क हा मोठा अडथळा राहिला. त्यासाठी २०१६ मध्ये केंद्रीय नियम झाले आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालील नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले, पण अंमल शेवटी महापालिकेच्या टेबलावर होतो.

गावांसाठी २०११ मध्ये मंजूर झालेली आणि आज भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्यासाठी होती. महाराष्ट्रात तिच्या एका टप्प्याचे काम महानेट या नावाने झाले. पंचायत कार्यालयापर्यंत तार आली तरी तेथून वस्तीतल्या घरापर्यंतचा टप्पा कोणी टाकायचा आणि ती तुटली तर कोणी सांधायची, हे बराच काळ स्पष्ट नव्हते. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत एकेरी मार्गाऐवजी वर्तुळाकार जाळे आणि देखभाल यांवर भर आहे. वर्तुळात एका बाजूची तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते.

१०. माझी लाइन ५०० एमबीपीएसची आहे, तरी अमेरिकेतल्या मुलाशी बोलताना आवाज किंचित उशिरा का पोहोचतो?

रस्ता कितीही रुंद केला तरी दूरचे गाव जवळ येत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन येण्यास किमान १२५ मिलिसेकंद लागतात. केबली वळसे घेत जातात, म्हणून प्रत्यक्षात २०० किंवा त्याहून अधिक. मोठा प्लॅन घेऊन यात फरक पडत नाही.

११. समुद्राखालची केबल तुटली तर संपूर्ण देश मंद होतो का?

ते त्या देशाकडे किती केबली आहेत यावर अवलंबून असते. प्रशांत महासागरातील टोंगा या बेटांच्या देशाला एकच आंतरराष्ट्रीय केबल होती. जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखी उद्रेकात ती तुटली आणि दुरुस्तीला पाच आठवड्यांहून अधिक काळ लागला. पूर्व आफ्रिका २००९ मध्ये सीकॉम केबल येईपर्यंत जवळजवळ पूर्णपणे उपग्रहांवर विसंबून होती. भारतात मुंबई आणि चेन्नई येथे अनेक केबली उतरतात, तरी जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्यावर येथील सेवा ठळकपणे मंदावली होती. आज परिणाम तुलनेने कमी जाणवतो, कारण लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती मुंबईसारख्या शहरांतील सर्व्हरवरच ठेवलेल्या असतात.

१२. वेगाच्या जागतिक क्रमवाऱ्यांवर किती विश्वास ठेवावा?

दिशा कळण्यापुरता. वेगाची चाचणी पुरवणाऱ्या ऊकला कंपनीची क्रमवारी लोकांनी स्वतः केलेल्या चाचण्यांतील मध्यक (क्रमाने लावल्यास मधोमध येणारा) आकडा दाखवते, आणि चाचणीचा सर्व्हर बहुधा जवळच, कित्येकदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. एम-लॅब या दुसऱ्या चाचणीची पद्धत वेगळी आहे आणि तिचे आकडे बहुधा कमी येतात. शिवाय चाचणीत जाळ्याची कमाल क्षमता दिसत नाही, लोकांनी विकत घेतलेला प्लॅन दिसतो. बहुतेक ग्राहक ४० एमबीपीएसचा स्वस्त प्लॅन घेत असतील, तर दारात एक जीबीपीएसचे फायबर असूनही क्रमवारीत ४० च्याच आसपास आकडा येईल. फोनवरून आणि जुन्या राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायवर केलेली चाचणी तर त्या राउटरचीच परीक्षा ठरते.

१३. फायबर असूनही रात्री वेग का उतरतो? आणि सगळे फायबर सारखेच असते का?

बहुतेक देशांत एका फायबरचे स्प्लिटर या प्रकाश विभागणाऱ्या उपकरणाने ३२ किंवा ६४ फाटे करतात. प्रचलित जीपॉन तंत्रात खाली येणारे सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारे सुमारे १.२५ जीबीपीएस हे सर्व घरांत मिळून असतात. एवढे सहसा पुरते. रात्रीची मंदी बहुधा त्यापुढे, कंपनीने बाहेरच्या जगाशी घेतलेल्या अपुऱ्या जोडणीत असते.

स्वित्झर्लंडमध्ये अनेक शहरांत प्रत्येक घराला एक्सचेंजपासून स्वतंत्र तंतू दिले गेले, त्यामुळे इनिट७ ही छोटी कंपनी २०२१ मध्ये घरगुती ग्राहकांना २५ जीबीपीएस देऊ शकली. तेथील मोठी टेलिफोन कंपनी स्विसकॉम फाट्यांच्या रचनेकडे वळू लागताच तेथील स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये ते काम रोखले, कारण त्या रचनेत इतर कंपन्यांना स्वतंत्र तंतू मिळत नाही.

१४. उपग्रहाच्या इंटरनेटने हे सर्व प्रश्न सुटतील का?

दुर्गम भागांसाठी त्याचा मोठा उपयोग आहे. जुने उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असल्याने प्रत्येक प्रतिसादाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे. स्टारलिंक या नव्या सेवेचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर आहेत. मात्र एका भागावर उपलब्ध असलेली क्षमता तेथील सर्व ग्राहकांत वाटली जाते, त्यामुळे दाट शहरात तो फायबरची जागा घेऊ शकत नाही.

१५. लाइन वेगवान असूनही एखाद्या देशात काही सेवा मंद किंवा बंद असू शकतात का?

होय, आणि त्याचे उदाहरण पुन्हा दक्षिण कोरियाच आहे. तेथे २०१६ पासून कंपन्यांना एकमेकांच्या जाळ्यात पाठवलेल्या माहितीसाठी पैसे मोजावे लागतात, आणि तो भार पुढे व्हिडिओ सेवांवर पडतो. ट्विच या थेट प्रक्षेपण सेवेने आधी कोरियातील चित्राची गुणवत्ता ७२०पी (चित्रात ७२० आडव्या ओळी) पर्यंत खाली आणली आणि जाळ्याचा खर्च परवडत नसल्याचे कारण देत फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील व्यवसाय बंद केला. नेटफ्लिक्स आणि कोरियातील इंटरनेट कंपनी एसके ब्रॉडबँड यांचा याच विषयावरचा न्यायालयीन वाद २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. भारतातही मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा अशी मागणी दूरसंचार कंपन्या करीत आहेत. तिच्यावर निर्णय घेण्यापूर्वी कोरियाच्या ग्राहकांचे काय झाले हे पाहणे अत्यावश्यक आहे.